डब्यातल्या सात गोळ्या

आपल्या सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात, मिनिट्स बुकांच्या खालच्या कप्प्यात, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. जुन्या सभासदांना तो चांगला माहीत आहे. नव्यांनी गणपतीतल्या प्रदर्शनात पाहिला असेल. त्यात कापसावर सात गोळ्या ठेवलेल्या असत आणि शेजारी माझ्याच अक्षरातलं कार्ड असे: 'खडकीच्या लढाईतील गोळ्या, ५ नोव्हेंबर १८१७'.

रौप्यमहोत्सवानिमित्त या गोळ्या प्रवेशद्वाराजवळ काचेच्या पेटीत ठेवायच्या आणि खाली पितळी पाटी लावायची, असं कमिटीनं गेल्या वर्षी ठरवलं. पाटीचा मजकूर करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी म्हटलं, मजकूर तयारच आहे, कार्डावर आहे तोच घ्या.

त्याच आठवड्यात सी विंगमधला एक मुलगा घरी आला. मुलगा म्हणायची सवय, आता तो इंजिनिअर आहे. लहानपणी गणपतीत या डब्यासमोर तासन्‌तास उभा राहायचा, आणि मी त्याला बापू गोखल्यांची, मोरोपंत दीक्षितांची गोष्ट सांगायचो. त्यानं विचारलं, "काका, या गोळ्या १८१७ च्याच कशावरून?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नाही. १८ वर्षं मी मुलांना ही गोष्ट छातीठोकपणे सांगत होतो. आधार काय, तर जागा खडकीजवळ, लढाई खडकीला झाली आणि गोळ्या जुन्या दिसतात, एवढाच. हा लेख म्हणजे त्या 'कशावरून'चं उत्तर शोधताना आम्ही जे केलं त्याचा हिशोब आहे. हिशोबात माझी एक चूकही निघाली. तीही खाली नोंदवली आहे.

गोळ्या सापडल्या कशा?

१९९८ साली आपल्या इमारतींचा पाया खणताना मजुरांना त्या मिळाल्या. मुकादमानं त्या आपल्या मुख्य प्रवर्तकांकडे दिल्या, त्यांनी डब्यात ठेवल्या. ते आज हयात नाहीत आणि त्यांनी कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. सगळ्या गोळ्या एकाच दिवशी सापडल्या की वेगवेगळ्या, किती खोल होत्या, कोणत्या कोपऱ्यात होत्या, काहीच नोंद नाही. आम्ही जुन्या तीन सभासदांना विचारलं. एक म्हणाले, ए विंगच्या पायात. दुसरे म्हणाले, पाण्याच्या टाकीच्या खड्ड्यात. तिसऱ्यांच्या मते दोन-तीन गोळ्या तर मजुरांची मुलं गोट्या म्हणून खेळत होती, त्यांच्याकडून परत घेतल्या.

म्हणजे साक्षीदारांचा काही उपयोग नव्हता. उरल्या गोळ्या, तेव्हा त्यांनाच विचारायचं ठरलं.

आधी माझी चूक

मी ३४ वर्षं फाउंड्रीत काढली. धातू वितळवणं, साच्यात ओतणं, ओतीव मालाचे दोष शोधणं हाच माझा धंदा. अशा माणसानं करू नये ते मी केलं. २००७ च्या गणपतीत पहिल्यांदा प्रदर्शन मांडताना गोळ्या पांढुरक्या, मातकट दिसत होत्या. त्या मी घरी नेल्या आणि चिंच-मीठ लावून देवाच्या भांड्यांसारख्या घासल्या. सौ. म्हणाली होती, "जुनं आहे ते, राहू द्या." ऐकलं नाही.

शिसं जमिनीत राहिलं की त्यावर पांढरट, करडा, कधी तपकिरी थर चढतो. तो प्रामुख्यानं शिशाच्या कार्बोनेटचा असतो. हा थर मळ नसून धातूचं संरक्षण असतो. शिवाय बारीक ओरखडे, साच्याची रेघ, आपटल्याच्या खुणा या सगळ्या त्या थरातच टिकून राहतात. आम्लानं घासलं की थर जातो आणि खुणाही जातात. चार गोळ्या मी अशा लखलखीत केल्या. बाकीच्या तिन्हींना कंटाळा आला म्हणून हात लावला नाही. पुढे जे काही कळलं त्यातलं बरंचसं त्या कंटाळ्यामुळे कळलं.

कुणाच्या घरी अशी वस्तू असेल तर कृपया घासू नका. साध्या पाण्यानं माती काढा आणि कोरडी करा. लाकडाच्या खणात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. त्यातून येणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिसं कुजतं आणि त्याची पांढरी पूड होते. ही पूड विषारी आहे. हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका. प्रदर्शनात मीच मुलांच्या तळहातावर ठेवायचो, तेही आता बंद.

काटा, कॅलिपर आणि चुंबक

तपासणीला आम्हाला तीनच वस्तू लागल्या. माझा जुना व्हर्निअर कॅलिपर, फ्रिजवरचं चुंबक आणि ओळखीच्या सराफाचा काटा. दुकानात गर्दी नसताना दुपारी गेलो. सराफानं एकेक गोळी काट्यावर ठेवली आणि तो मुलगा वहीत लिहीत गेला.

यामागचं गणित सोपं आहे. शुद्ध शिशाची घनता ११.३४ आहे. गोल गोळीचा व्यास सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा घन करायचा आणि ५.९४ नं गुणायचं, की वजन ग्रॅममध्ये मिळतं. उलटही करता येतं. गोळी आपटून चपटी झाली असेल तर तिचा व्यास मोजता येत नाही, पण वजन बहुतेक तेवढंच राहतं. वजनावरून मूळ व्यास काढायचा आणि व्यासावरून बंदूक कोणती ते अजमावायचं.

पहिल्या गोळीला चुंबक लावलं आणि ते टपकन चिकटलं. शिशाला चुंबक चिकटत नाही. ती पोलादी छर्ऱ्याची गोळी होती, एखाद्या यंत्राच्या बॉल बेअरिंगमधली. बहुधा पाया खणणाऱ्या मशीनचीच! १८ वर्षं आम्ही तिला खडकीच्या लढाईत लढवलं. सराफ हसून लोटपोट झाला. आम्हीही हसलो, पण मी जरा कमीच.

दुसरी गोळी १२.७ मिलिमीटर व्यासाची. शिशाच्या हिशोबानं १२ ग्रॅमच्या वर भरायला हवी, भरली ११.१. म्हणजे धातू शुद्ध शिसं नाही, त्यात काहीतरी हलकं मिसळलेलं आहे. शुद्ध शिशावर नखानं ओरखडा उठतो, हिच्यावर उठेना. शिशात अँटिमनी मिसळलं की ते असं कडक आणि हलकं होतं. अशा गोळ्या श्रॅपनेल नावाच्या तोफगोळ्यात भरत. तोफगोळा हवेत फुटला की त्या पुढे उधळत. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश १८ पौंडी तोफेच्या एका श्रॅपनेल गोळ्यात सुमारे ३७५ गोळ्या असत आणि एका पौंडात ४१ बसत, म्हणजे एक साधारण ११ ग्रॅमची. आपली गोळी याच्याशी जुळते. ही तोफ ब्रिटिश सैन्यात आली १९०४ साली. तोपर्यंत बाजीराव पेशव्यांना जाऊन अर्धशतक उलटलं होतं.

ती इथे कशी आली? खडकी म्हणजे काही नुसती लढाईची जागा नाही. लढाईनंतर इथे इंग्रजांची छावणी वसली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, तो आजही आहे. सोबत सॅपर्सचं केंद्र आणि लष्करी गोदामं आली. शे-दीडशे वर्षं या परिसरात लष्कराची वर्दळ आहे. इथल्या जमिनीत सापडणारं शिसं १८१७ चंच असावं, असं मानायला जागा नाही. उलट नंतरचं असण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे. मुकाट्यानं मान्य करायची ही पहिली गोष्ट.

तिसरी गोळी १९.४ ग्रॅम. तिचा व्यास एका बाजूनं १४.७, दुसऱ्या बाजूनं १५.१. म्हणजे ती नीट गोल नाही. सुदैवानं ही न घासलेल्यांपैकी होती. फाउंड्रीवाल्याला एका नजरेत दिसावं असं तिच्यावर दिसलं. साच्याची दोन अर्धुकं एकमेकांवर नीट बसली नव्हती, त्यामुळे पार्टिंग लाइनला पायरी पडली आहे. ओतताना राहिलेला देठ चिमट्यानं तोडला आहे, तोही वेडावाकडा. म्हणजे ही घरगुती ओतीव. तोड्याच्या बंदुकीला एका ठराविक मापाची गोळी लागेच असं नव्हतं. ज्याची बंदूक त्याचा साचा, अशी रीत होती. ही गोळी पेशव्यांच्या एखाद्या बंदुकवाल्याची असू शकते. पण डुकरांपासून शेत राखायला किंवा शिकारीला ठासणीच्या बंदुका आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत होत्या. तेव्हा ही कुणा शेतकऱ्याचीही असेल.

चौथी १५.५ मिलिमीटर, २२ ग्रॅम. छान गोल, साच्याची रेघ बारीक. घोडदळाच्या आखूड बंदुकीला, म्हणजे कार्बाइनला, या मापाची गोळी चाले.

राहिलेल्या तीन

उरलेल्या तीन गोळ्यांनी मात्र आम्हाला सावरून बसवलं. पाचवी १७.४ मिलिमीटर, ३१.२ ग्रॅम. सहावी १७.३ मिलिमीटर, ३०.७ ग्रॅम. सातवी एका बाजूनं पार चपटी, पण वजन ३१ ग्रॅम, म्हणजे मुळात तीही १७.३-१७.४ चीच. तिन्हींचं माप एक.

हे माप ओळखीचं आहे. इंग्रजांच्या पायदळाची 'ब्राऊन बेस' नावानं प्रसिद्ध असलेली चकमकीची बंदूक, तिच्या नळीचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. गोळी मात्र त्याहून लहान, सुमारे १७.५ मिलिमीटरची, एका पौंडात १४ च्या आसपास बसणारी. नळीपेक्षा गोळी लहान का? कारण काळ्या दारूची काजळी फार. दहा-बारा बार काढले की नळीत आतून थर साचतो आणि घट्ट मापाची गोळी गजानं ठासूनही खाली जात नाही. म्हणून मुद्दाम जागा सोडत. त्यामुळे गोळी नळीतून आपटत-आपटत बाहेर पडे आणि नेम यथातथाच असे. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे. म्हणून रांगेनं उभं राहून सगळ्यांनी एकदम बार काढायचा.

शिपायानं कागदी काडतूस दातानं फाडायचं, थोडी दारू कानाशी, बाकीची नळीत, मग गोळी, मग गजानं ठासणं. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढी. पण समोरून घोडे अंगावर येत असताना हे करायचं, तेव्हा एखादी गोळी हातातून निसटणारच. आपल्या पाचव्या आणि सहाव्या गोळीवर आपटल्याची खूण नाही. त्या बहुधा झाडल्याच गेल्या नाहीत, पडल्या असाव्यात. सातवी झाडली गेली आणि दगडासारख्या कठीण वस्तूवर आपटली. तिच्या चपट्या अंगात खडीचे बारीक कण अजून रुतलेले आहेत. ही तिसरी न घासलेली गोळी.

कंपनी सरकारच्या फौजेत याच मापाची 'इंडिया पॅटर्न' बंदूक होती. ती इतकी सोपी आणि स्वस्त की १७९७ पासून खुद्द इंग्लंडच्या सैन्यानंही तीच घेतली. म्हणजे आपल्या तीन गोळ्या खडकीच्या लढाईत शोभतील अशाच आहेत. त्या दिवशी मी आनंदात घरी आलो. 'बघ, म्हटलं नव्हतं?' असा माझा सूर होता.

त्या मुलानं शांतपणे विचारलं, "काका, ही बंदूक वापरात किती वर्षं होती?"

इथे पुन्हा अडलं. पाऊण इंची नळीच्या बंदुका १७२० च्या दशकापासून १८५० च्या दशकापर्यंत होत्या. म्हणजे सव्वाशे वर्षं जवळजवळ त्याच मापाची गोळी. गोळीवर ना सन, ना छाप. १८१७ साली पडलेली गोळी आणि १८४० साली छावणीतल्या चांदमारीत झाडलेली गोळी शेजारी ठेवल्या तर मी काय, कुणीही त्या वेगळ्या सांगू शकणार नाही. प्रयोगशाळेत शिशाच्या समस्थानिकांवरून ते कोणत्या खाणीतलं असावं याचा अंदाज करता येतो. पण जुनं शिसं पुन्हा पुन्हा वितळवून एकमेकांत मिसळलं जाई, त्यामुळे तेही उत्तर अनेकदा धूसर राहतं.

त्या दिवशी काय झालं होतं

ज्या लढाईशी आम्ही या गोळ्यांचं नातं लावत होतो, ती थोडक्यात अशी. ५ नोव्हेंबर १८१७ च्या दुपारी एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या बाजूला आला आणि मागे रेसिडेन्सी जाळली गेली. पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूनं, कंपनीची खडकीच्या बाजूनं, आणि मधलं मैदान म्हणजे आज आपण ज्या पट्ट्यात राहतो तो. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. बापू गोखल्यांकडे घोडदळ मोठं होतं. कंपनीची माणसं तीन हजारांच्या आत, कर्नल बर यांच्या हाताखाली. पेशव्यांची कवायती पलटणही होती, पिंटो नावाच्या पोर्तुगीज सरदाराची. घोडदळाचा मोठा हल्ला कंपनीच्या डाव्या बगलेवर आला, पण समोरच्या दलदलीत घोडे फसले आणि तिथेच बंदुकांचा मारा झाला. संध्याकाळपर्यंत लढाई संपली. इंग्रजांनी आपले मेलेले आणि जखमी मिळून ८६ सांगितले, मराठ्यांचे सुमारे ५००. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं.

मोरोपंत दीक्षित जरीपटका घेऊन लढताना पडले. ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यांच्याविषयी एक गोष्ट नोंदवली आहे. दापोडीच्या पलटणीचा कॅप्टन फोर्ड हा दीक्षितांचा स्नेही. लढाई होणार हे कळल्यावर, दोघांपैकी जो वाचेल त्यानं दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळावं असं त्यांचं ठरलं होतं. आणि दीक्षित पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेच्या माऱ्यात.

ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी सांगत असे. यंदा सांगताना आणखी एक गोष्ट जाणवली. आपल्या सोसायटीत एका घरात पूर्वज पेशव्यांच्या घोडदळात होते असं सांगतात. दुसऱ्या एका घरात पूर्वज कंपनीच्या मुंबई पलटणीत शिपाई होते. मुंबई पलटणींत कोकणातली, देशावरची आपलीच माणसं भरती होत. म्हणजे त्या मैदानात बंदूक ठासणारे हात दोन्हीकडे मराठी माणसांचे होते. डब्यातली गोळी कुणाच्या हातातून पडली ते तिच्यावर लिहिलेलं नाही. पाटीवर आपण काय लिहितो ते मात्र दोन्ही घरांतली मुलं जाता-येता वाचणार. म्हणून अंदाजाला सत्य म्हणून पितळेत कोरायला माझं मन घेईना.

डिटेक्टरचा उद्योग आणि सहा ब्रास माती

गोळ्यांना विचारून झालं, उरली जमीन. त्या मुलानं मेटल डिटेक्टर मागवला आणि कमिटीच्या परवानगीनं मागच्या बागेत दोन रविवार फिरवला. पोरंटोरं मागे, चहा वरून. सापडलं काय? बाटल्यांची बुचं, खिळे, वायरचे तुकडे, एक चावी (ए-३०२ ची निघाली, त्यांना परत दिली) आणि गुलमोहराजवळ १५ सेंटिमीटर खोल एक शिशाची गोळी. १७.४ मिलिमीटर!

या वेळी त्यानं सगळं शिस्तीत केलं. उचलण्याआधी पट्टी ठेवून फोटो, भिंतीच्या दोन कोपऱ्यांपासून अंतर, खोली, तारीख. घासली नाही. आम्हाला वाटलं, आता तरी एका गोळीची जागा पक्की झाली.

दोन दिवसांनी खजिनदार जुनी व्हाउचर फाइल घेऊन आले. २००३ साल, 'बागेसाठी लाल माती, ६ ब्रास, वाहतुकीसह'. गुलमोहर त्याच मातीत लावलेला. म्हणजे ही गोळी आपल्या जमिनीतली नाहीच, ट्रकमधून आलेली असण्याचा संभव जास्त. ती माती कुठून आणली ते व्हाउचरवर नाही.

मुलगा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, अरे, तू नोंद केलीस म्हणून तर हे कळलं. डब्यातल्या सात गोळ्यांबद्दल आपल्याला तेवढंही सांगता येत नाही.

जागेचं महत्त्व किती, याचं इंग्लंडमधलं एक उदाहरण त्यानंच वाचून मला सांगितलं. १४८५ साली बॉसवर्थला राजा तिसरा रिचर्ड लढाईत मारला गेला. ती लढाई अँबियन टेकडीवर झाली असं लोक मानत आले होते. तिथे माहिती केंद्रही उभं राहिलं. मग ग्लेन फोर्ड या अभ्यासकाच्या नेतृत्वाखाली काही वर्षं मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पद्धतशीर विंचरली आणि प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर मांडली. तोफांच्या आणि हातबंदुकांच्या शिशाच्या तीसहून अधिक गोळ्या मिळाल्या, रिचर्डचं रानडुकराचं चिन्ह असलेला चांदीचा बिल्लाही मिळाला. पण सगळं टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटर दूर! लढाईची जागाच बदलली. हे झालं ते गोळ्या कुठे-कुठे आहेत ते टिपल्यामुळे. पडलेल्या गोळ्या रांग कुठे उभी होती ते सांगतात, चपट्या झालेल्या गोळ्या मारा कुठे झाला ते सांगतात. कुणी त्या नुसत्या गोळा करून डब्यात भरल्या असत्या तर त्यांतून काहीच कळलं नसतं.

इथे एक सावधगिरीची सूचना. डिटेक्टर पाहून आपल्या काही तरुणांना किल्ल्यांवर जायचे बेत सुचले आहेत. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू कलेक्टरना कळवावी लागते, हेही लक्षात ठेवा. आपल्या गोळ्यांबद्दल कमिटीनं तसं पत्र दिलं आहे, २७ वर्षं उशिरा का होईना.

पाटी

पाटीवरून कमिटीत वाद झालाच. "लोकांना काय कळतंय, १८१७ लिहून टाका" असंही मत आलं, "मग पेटीच कशाला" असंही आलं. एका आजींनी विचारलं, "तुम्हीच इतकी वर्षं सांगत होता ना?" मी म्हटलं, हो, मीच सांगत होतो. चुकीचं सांगत होतो असं नाही, पण माहीत नसलेलं सांगत होतो.

शेवटी असं ठरलं. बॉल बेअरिंगची गोळी बाहेर. श्रॅपनेलची, घरगुती ओतीव आणि कार्बाइनच्या मापाची अशा तीन गोळ्या वेगळ्या कप्प्यात. बागेतली गोळी तिच्या फोटोसह आणि व्हाउचरच्या प्रतीसह वेगळी. आणि तीन गोळ्यांखाली ही पाटी:

'या जागेचा पाया खणताना १९९८ साली सापडलेल्या शिशाच्या गोळ्या. माप व वजन ब्राऊन बेस प्रकारच्या ठासणीच्या बंदुकीशी जुळते. अशा बंदुका १८ व्या शतकापासून १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होत्या. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी या परिसरात खडकीची लढाई झाली. या गोळ्या त्या लढाईतल्या असू शकतील. तसे सिद्ध झालेले नाही. सापडल्याची नेमकी जागा नोंदवलेली नाही.'

शेवटचं वाक्य त्या मुलानं घालायला लावलं. मी आधी नको म्हणत होतो.

पुनर्विकासाचा विषय आता दर सर्वसाधारण सभेत निघतो. आज ना उद्या ही जमीन पुन्हा खणली जाईल, या वेळी अधिक खोल. तेव्हा खड्ड्याच्या काठावर मी असेन की नाही ठाऊक नाही. जो कुणी असेल त्यानं एक वही, एक टेप आणि मोबाइल जवळ ठेवावा. काही चमकलं, जड लागलं, तर उचलण्याआधी फोटो काढावा, जागा आणि खोली लिहावी. डबा ऑफिसात आहेच. मुकादमालाही आधीच सांगून ठेवावं.